एकच नाव, दोन जहाजं: गस्ती जहाजांचे वर्ग ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तटरक्षक दलात नोकरी केलेल्या माणसांच्या घरी भिंतीवर एक तरी जहाजाचा फोटो असतो. फोटोखाली नाव असतं, साल मात्र बहुतेक वेळा नसतं. मग नातवंडं ते नाव इंटरनेटवर शोधतात, समोर चकचकीत नवं जहाज येतं आणि आजोबांची सगळी नोकरी त्या नव्या जहाजाच्या खात्यात जमा होते. हे मला मनापासून खटकतं, कारण ज्या जहाजावर ती माणसं पावसाळ्यातल्या समुद्रात राबली ते जहाज वेगळं होतं, लहान होतं आणि आता सेवेत नाही. म्हणून मला वेळोवेळी विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र उत्तरांसह देतो आहे. बहुतेक उत्तरं भारतीय जहाजांबद्दल आहेत, काही ब्रिटिशांबद्दल, कारण त्यांच्या काही जहाजांचा आपल्या आरमाराशी थेट संबंध आला.

‘वर्ग’ म्हणजे काय? बातम्यांत कधी ‘श्रेणी’ लिहितात, कधी ‘क्लास’. तिन्ही एकच का?

हो, तिन्ही एकच. एकाच आराखड्यावरून बांधलेल्या जहाजांचा गट म्हणजे वर्ग. भारतात सहसा गटातल्या पहिल्या जहाजाचं नाव सगळ्या वर्गाला मिळतं. ब्रिटिशांकडे बऱ्याचदा विषय ठरवला जातो: सगळी फुलांची नावं, सगळी नद्यांची, सगळी किल्ल्यांची. गोंधळाची कारणंही या दोन रीतींप्रमाणे दोन आहेत. आपल्याकडे पहिल्या जहाजाचं नाव पुन्हा वापरलं की वर्गाचं नावही पुन्हा येतं. त्यांच्याकडे विषय पुन्हा निवडला की जहाजं वेगळी असूनही वर्ग त्याच नावाने ओळखला जातो.

विक्रम वर्ग दोन आहेत असं म्हणतात. नेमके कोणते?

पहिला विक्रम वर्ग १९८० च्या दशकातला. तटरक्षक दलाची सुरुवात १ फेब्रुवारी १९७७ ची, आणि दलासाठी म्हणून देशात बांधलेली पहिली मोठी गस्ती जहाजं हीच. पहिलं विक्रम डिसेंबर १९८३ मध्ये सेवेत आलं. त्यामागोमाग विजया, वीरा, वरुण, वज्र, विवेक, विग्रह, वरद आणि १९९२ साली वराह, अशी एकूण नऊ जहाजं झाली. बांधणी मुख्यतः मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आणि शेवटची गोवा शिपयार्डमध्ये. लांबी सुमारे ७४ मीटर, रुंदी ११.४ मीटर, पूर्ण भारासह वजन सव्वाबाराशे टनांच्या आसपास, वेग २२ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). मागे चेतक हेलिकॉप्टरसाठी डेक होता.

दुसरा विक्रम वर्ग आपल्या डोळ्यांदेखतचा. मार्च २०१५ मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीशी सात जहाजांचा करार झाला आणि चेन्नईजवळ कट्टुपल्लीच्या गोदीत ती बांधली गेली. नवं विक्रम एप्रिल २०१८ मध्ये दलात आलं. मग विजया, वीरा, वराह, वरद, वज्र, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये विग्रह. लांबी सुमारे ९८ मीटर, रुंदी १५ मीटर, वजन २,१०० टनांच्या वर, वेग २६ नॉट.

म्हणजे सात नावं दोन्ही यादींत आहेत. आणि खरी पंचाईत पुढेच आहे: अंगावरचे क्रमांकही तेच दिले गेले. जुनं विक्रम ३३, नवं विक्रम ३३. जुनं वज्र ३७, नवं वज्र ३७. विग्रह ३९, वरद ४०, वराह ४१, दोन्ही पिढ्यांत. त्यामुळे फोटोतला आकडा वाचून ‘सापडलं’ असं म्हणता येत नाही.

नाव तेच, नंबर तोच, रंगही तोच. मग फोटोवरून ओळखायचं कसं?

पांढरं अंग आणि पुढच्या बाजूला केशरी-निळा तिरपा पट्टा, हे दोन्ही पिढ्यांत आहे, तेव्हा रंगाकडे पाहून काही हाती लागत नाही. पुष्कळजण जहाज ‘लांबट’ दिसतं की ‘ठेंगणं’ यावरून अंदाज बांधतात. तेही इथे चालत नाही. ७४ ला ११.४ ने भागा, ९८ ला १५ ने भागा. उत्तर दोन्हीकडे साडेसहाच्या आसपास येतं. म्हणजे प्रमाण जवळपास सारखंच आहे, आणि शेजारी मोजायला काही नसेल तर फोटोत दोन्ही सारखीच भरलेली वाटतात.

म्हणून फोटोतच मोजपट्टी शोधायची. सगळ्यात चांगली मोजपट्टी म्हणजे चेतक हेलिकॉप्टर, कारण त्याच्या अंगाची लांबी साधारण १० मीटर असते. फोटो बाजूने काढलेला असेल आणि डेकवर चेतक उभं असेल तर कंपासपेटीतली पट्टी घेऊन जहाजात किती चेतक बसतात ते मोजा. सात-साडेसात बसली तर जुनं, दहाच्या जवळपास बसली तर नवं. हेलिकॉप्टर नसेल तर कठड्याशी उभा असलेला माणूस पाहा. जुन्या जहाजावर माणूस मोठा दिसतो, नव्यावर तो मजल्यांच्या उंच भिंतीपुढे हरवून जातो.

तोफ ही दुसरी खूण. जुन्या जहाजांवर पुढे ४० मिलिमीटरची बोफोर्स तोफ होती. नव्यांवर ३० मिलिमीटरची सीआरएन ९१ तोफ आहे, बंद बुरुजासारखी. पण या खुणेवर एकटीवर विसंबू नका. जहाजाच्या आयुष्यात तोफा बदलतात आणि उतारवयातल्या जुन्या जहाजावर नव्या पद्धतीची तोफ दिसू शकते. जहाजाची लांबी मात्र बदलत नाही, म्हणून मी आधी लांबी मोजतो आणि मग तोफेकडे पाहतो.

फोटो समोरून काढलेला असेल तर लांबी मोजता येत नाही. अशा वेळी आजूबाजूला पाहा. मागे कुठली गोदी आहे, धक्क्यावर कुठल्या मोटारी उभ्या आहेत, माणसांच्या हातात मोबाइल आहेत का. जुन्या जहाजांच्या उमेदीच्या काळात धक्क्यावर ॲम्बेसेडर आणि फियाट असायच्या.

फक्त नावांवरून काहीच कळत नाही का?

दोन नावांवरून कळतं. वरुण (३६) आणि विवेक (३८) ही नावं नव्या सात जहाजांत नाहीत. तेव्हा तटरक्षक दलाच्या जहाजाचं नाव वरुण किंवा विवेक असेल आणि संदर्भ विक्रम वर्गाचा असेल, तर ते जुनंच.

विवेकचा शेवट मुंबईकरांना आठवत असेल. मार्च २०१० मध्ये इंदिरा डॉकमध्ये दुरुस्तीसाठी उभं असताना एका मालवाहू जहाजाची धडक बसून ते बुडालं. वरुणने बरीच वर्षं प्रशिक्षणार्थींना समुद्र दाखवला आणि पुढे ते श्रीलंकेच्या तटरक्षक दलाकडे गेलं. तिथे त्याचं नाव सुरक्षा झालं.

जुनी बातमी आहे, त्यात ‘वज्र’ असं लिहिलंय. कोणतं समजायचं?

बातमीची तारीख पाहा आणि ती जहाजाच्या सेवेत येण्याच्या तारखेशी ताडून बघा. उदाहरण घेतो. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल या कंटेनर जहाजाला आग लागली. ती विझवायला भारतातून गेलेल्या जहाजांत वैभव आणि वज्र होती. नवं वज्र २४ मार्च २०२१ रोजी सेवेत आलं होतं, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांपूर्वी. तेव्हा हे नवं वज्र. तेच नाव १९९५ च्या बातमीत आलं तर ते जुनं, १९८८ साली सेवेत आलेलं.

इथे एक सूचना आग्रहाने करतो. जहाजाच्या आयुष्यात चार-पाच तारखा असतात: कणा बसवण्याची, जलावतरणाची, गोदीने जहाज सोपवण्याची, सेवेत दाखल होण्याची आणि निवृत्तीची. नवं वज्र फेब्रुवारी २०२० मध्ये पाण्यात उतरलं, पण सेवेत आलं मार्च २०२१ मध्ये. मधल्या वर्षभरात त्याने कुठलीही मोहीम केलेली असणं शक्य नाही. पुष्कळ लेखांत जलावतरणाची तारीखच ‘जहाज आलं’ म्हणून छापलेली असते आणि मग पुढची सगळी मोजणी चुकते. ओळख पटवायची असेल तर सेवेत दाखल होण्याची तारीखच धरा.

‘व’ने सुरू होणारं प्रत्येक जहाज विक्रम वर्गातलं असतं का?

नाही. विश्वस्त, विजित आणि वैभव ही तीन जहाजं वेगळ्या वर्गातली आहेत. गोवा शिपयार्डने बांधलेली, लांबी ९४ मीटर. विश्वस्त २०१० साली सेवेत आलं. दोन विक्रम वर्गांच्या मधल्या काळातली ही जहाजं असल्यामुळे काहीजण त्यांना ‘सुधारित विक्रम’ समजतात. आराखडा स्वतंत्र आहे, वर्गही स्वतंत्र: विश्वस्त वर्ग. विजया आणि विजित या दोन नावांत घाईघाईत गफलत होते, तेवढी सांभाळा.

नौदलाची ‘व’ची नावं तर आणखी वेगळी. आयएनएस वीर ही क्षेपणास्त्रं घेऊन जाणारी छोटी युद्धनौका होती. आयसीजीएस वीरा हे गस्ती जहाज. नावाआधी आयएनएस आहे की आयसीजीएस, हे पाहायला विसरू नका. आयएनएस म्हणजे नौदल, आयसीजीएस म्हणजे तटरक्षक दल.

समर आणि समर्थ एकच का?

हा प्रश्न गोव्याहून सगळ्यात जास्त येतो, आणि ते साहजिक आहे, कारण दोन्ही वर्ग वास्को इथल्या गोवा शिपयार्डचेच. समर १९९६ सालचं. त्याच्या वर्गात चार जहाजं: समर, संग्राम, सारंग आणि २००३ साली आलेलं सागर. लांबी सुमारे १०२ मीटर. समर्थ नोव्हेंबर २०१५ मध्ये गोव्यात तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते सेवेत दाखल झालं. त्या वर्गात शूर, सारथी, शौनक, शौर्य, सुजय आणि पुढच्या खेपेत सचेत, सुजीत, सजग, सार्थक, सक्षम अशी मोठी मालिका आहे. लांबी १०५ मीटर.

तीन मीटरचा फरक फोटोत दिसणार नाही. इथे मात्र तोफ निर्वाळा देते. समरवर पुढे ७६ मिलिमीटरची तोफ आहे, गोल घुमटासारखा मोठा बुरूज. तटरक्षक दलाच्या जहाजावर एवढी मोठी तोफ म्हणजे लगेच नजरेत भरणारी गोष्ट. समर्थवर ३० मिलिमीटरची, म्हणजे कितीतरी किरकोळ. घुमट दिसला की समर.

या दोघांच्या मध्ये संकल्प आणि सम्राट ही दोन जहाजं येतात, २००८-०९ ची, तीही गोव्याचीच आणि १०५ मीटरचीच. समर्थ आणि संकल्प दिसायला इतके जवळचे आहेत की तिथे नाव वाचल्याशिवाय मी स्वतः काही बोलत नाही.

अंगावरचा क्रमांक मोठा असेल तर जहाज नवं, असं धरावं का?

मुळीच धरू नये. समरचा क्रमांक ४२ आणि तो १९९६ चा. विश्वस्तचा ३०, आणि ते २०१० चं. समर्थचा ११, तो २०१५ चा. क्रमांक रिकामे होतात, पुन्हा वाटले जातात.

एकाच जहाजाचं वजन दोन ठिकाणी वेगवेगळं का दिलेलं असतं?

रिकाम्या जहाजाचं वजन वेगळं, इंधन-पाणी-दारूगोळा भरल्यावरचं वेगळं. व्यापारी जहाजांना लावतात ते ‘ग्रॉस टनेज’ तर वजनच नसतं, ते आतल्या जागेचं माप आहे. दोन जहाजांची तुलना करताना दोन्हीकडे एकच माप आहे ना, एवढं बघा. लांबीतही एकूण लांबी आणि पाण्याच्या रेषेवरची लांबी असा भेद असतो, पण तो काही मीटरांचाच.

आयएनएस सरयू श्रीलंकेला दिलं होतं ना? मग ते भारतात कसं दिसतं?

दोन वेगळी जहाजं आहेत. पहिलं सरयू सुकन्या वर्गातलं, विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये बांधलेलं. २००० साली ते श्रीलंकेला दिलं गेलं आणि त्याचं नाव सयुरा झालं. दुसरं सरयू गोवा शिपयार्डचं, जानेवारी २०१३ मध्ये नौदलात आलेलं, आणि त्याच्या नावाने नवा सरयू वर्ग सुरू झाला. क्रमांक दोघांनाही पी ५४ च. म्हणजे पहिलं सरयू हे ‘सरयू वर्गातलं’ कधीच नव्हतं. वाक्य ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे.

गुंता इथे संपत नाही. २०१७ साली गोवा शिपयार्डने श्रीलंकेसाठी एक कोरं गस्ती जहाज बांधून दिलं, त्याचं नाव सयुराला. आणि जुन्या विक्रम वर्गातलं वराह २००६ पासून श्रीलंकेच्या नौदलात गेलं, तिथे त्याचं नाव सागरा. इकडे आपल्या तटरक्षक दलात समर वर्गाचं सागर आहेच. तेव्हा ही चार नावं एकदा मनात नीट लावून घ्या: सयुरा म्हणजे पूर्वीचं सरयू. सयुराला म्हणजे गोव्याचं नवं. सागरा म्हणजे पूर्वीचं वराह. सागर म्हणजे आपलं.

सयुरा आणि सागरा ही दोन्ही जहाजं २००७ साली श्रीलंकेने एलटीटीईची शस्त्रवाहू जहाजं खोल समुद्रात गाठली त्या मोहिमेत होती. वराहवर नोकरी केलेल्या इथल्या माणसांना हे पुष्कळदा माहीतच नसतं, कारण नाव बदलल्यावर त्यांच्या जहाजाचा माग सुटला. त्याच वेळी २०१९ साली आलेल्या नव्या वराहच्या बातम्या त्यांच्यापर्यंत पोहोचत राहतात.

तटरक्षक दलाची सुरुवात कृपाण आणि कुठारने झाली म्हणतात. पण ती तर क्षेपणास्त्रवाहू युद्धनौका आहेत?

सुरुवात त्यांनीच झाली, पण त्या पहिल्या कृपाण-कुठारनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये बांधलेल्या तीन छोट्या फ्रिगेट (ताफ्याचं रक्षण करणाऱ्या युद्धनौका) भारताने घेतल्या होत्या: खुकरी, कृपाण आणि कुठार. ब्रिटिश नावानुसार हा ब्लॅकवूड वर्ग. त्यातली खुकरी ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. उरलेल्या दोघी वय झाल्यावर नव्या तटरक्षक दलाला मिळाल्या आणि काही वर्षं गस्ती जहाज म्हणून राबल्या.

नंतर तीच तिन्ही नावं नौदलाने नव्या कॉर्व्हेटना, म्हणजे फ्रिगेटहून लहान युद्धनौकांना, दिली. नवी खुकरी माझगाव डॉकची, १९८९ ची, आणि वर्गाचं नाव पडलं खुकरी वर्ग. ती डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि तिला दीवलाच स्मारक म्हणून ठेवलं. नवी कृपाण २०२३ साली व्हिएतनामला दिली. दीवला जाणारे पर्यटक समोरचं जहाज पाहून ‘हीच १९७१ ची खुकरी’ असं मुलांना सांगतात. १९७१ ची खुकरी समुद्राच्या तळाशी आहे, आपल्या माणसांसह. तिथे उभं राहून मुलांना हे सांगायलाच हवं असं मला वाटतं.

ब्रिटिशांच्या ‘फ्लॉवर’ आणि ‘रिव्हर’ वर्गांचा आपल्याशी काय संबंध?

संबंध जवळचा आहे. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिशांनी फुलांच्या नावाची एस्कॉर्ट, म्हणजे ताफ्यांना सोबत करणारी, जहाजं बांधली आणि दोन्ही गटांना लोक फ्लॉवर वर्गच म्हणतात. पहिल्या महायुद्धातली स्लूप (लहान युद्धनौका) होती, सुमारे ८० मीटर लांब. त्यातला शेवटचा प्रकार तर मुद्दाम व्यापारी जहाजासारखा दिसेल असा बांधला होता, म्हणजे पाणबुडी फसून जवळ यावी. दुसऱ्या महायुद्धातली कॉर्व्हेट, १९४० पासूनची, सुमारे ६२ मीटर लांब, देवमासे पकडणाऱ्या जहाजाच्या आराखड्यावरून झटपट बांधता येतील अशी. एकच पंखा, वेग १६ नॉट.

वेगावरून दोघांत फरक करायला जाऊ नका, जुनीही साधारण तेवढीच धावत. लांबी आणि बांधणीचं साल, हे दोनच आधार.

आता आपला दुवा. १९१७ सालचं लिक्निस नावाचं फ्लॉवर वर्गाचं स्लूप १९२१ साली रॉयल इंडियन मरीनकडे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या आपल्या आरमाराकडे, आलं आणि त्याचं नाव कॉर्नवॉलिस झालं. ते त्या व्यापारी रूपाच्या प्रकारातलं होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर चारलॉक नावाची फ्लॉवर वर्गाची कॉर्व्हेट रॉयल इंडियन नेव्हीला मिळाली आणि तिचं नाव ठेवलं ‘महरट्टा’, म्हणजे मराठा. म्हणजे आपल्या आरमाराच्या यादीत ‘फ्लॉवर वर्ग’ हे शब्द दोनदा येतात आणि दोन्ही वेळा जहाजाची जात वेगळी आहे.

‘महरट्टा’बद्दल आणखी एक. त्याच नावाची एक ब्रिटिश विनाशिका होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये रशियाकडे जाणाऱ्या आर्क्टिक काफिल्याबरोबर असताना जर्मन पाणबुडीने ती बुडवली आणि त्या गोठलेल्या पाण्यातून फार थोडे वाचले. मराठी माणसं नावाच्या ओढीने हा इतिहास शोधतात आणि विनाशिकेचा शेवट कॉर्व्हेटला चिकटवतात. कॉर्व्हेट युद्धात बुडाली नाही.

रिव्हर वर्ग तर तीन आहेत. १९०३ च्या सुमारास सुरू झालेल्या विनाशिका, १९४२ पासूनच्या फ्रिगेट, आणि २००३ पासूनची गस्ती जहाजं. मधल्या गटातली ट्रेंट ही फ्रिगेट १९४६ साली आपल्याकडे आली, कुकरी झाली आणि स्वातंत्र्यानंतर आयएनएस इन्व्हेस्टिगेटर म्हणून समुद्राचं सर्वेक्षण करत राहिली. तिच्याच वर्गातली बॅन ही आपली तीर. आणि आज ब्रिटिश नौदलात पुन्हा ट्रेंट आहे, पुन्हा रिव्हर वर्गातच, २०२० साली सेवेत आलेलं गस्ती जहाज. नाव तेच, वर्गाचं नाव तेच, देश तोच. अशा वेळी सालाशिवाय लिहिलेलं वाक्य अर्थहीन आहे. ‘रिव्हर वर्गातलं ट्रेंट भारताला दिलं’ हे १९४६ बद्दल खरं आहे आणि आजच्या जहाजाबद्दल साफ खोटं.

कॅसल आणि आयलंड वर्गांचं काय?

थोडक्यात सांगतो. कॅसल वर्ग दोन: दुसऱ्या महायुद्धातल्या कॉर्व्हेट आणि १९८० च्या दशकातली दोन गस्ती जहाजं, लीड्स कॅसल आणि डम्बार्टन कॅसल. नंतरची दोन्ही आता बांगलादेशच्या नौदलात आहेत, धलेश्वरी आणि बिजॉय या नावांनी. आयलंड वर्ग ब्रिटिशांचा वेगळा आणि अमेरिकी तटरक्षक दलाचा वेगळा. अमेरिकेची नौका ११० फुटी, म्हणजे जेमतेम ३३ मीटर. ब्रिटिश जहाज जवळपास दुप्पट लांब. इथे गोंधळ व्हायचं कारण नाही.

छोट्या नौकांतही नावं पुन्हा येतात का?

येतात. तटरक्षक दलाच्या लहान गस्ती नौकांना कर्तबगार स्त्रियांची नावं देण्याची सुंदर प्रथा आहे: जिजाबाई, ताराबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, चांदबीबी. १९९० च्या दशकात प्रियदर्शिनी वर्ग होता, त्यात ॲनी बेझंट आणि अमृत कौर होत्या. जानेवारी २०२० मध्ये कोलकात्यात पुन्हा ॲनी बेझंट आणि अमृत कौर दाखल झाल्या, अर्थात नव्या नौका.

जिजाबाई आणि ताराबाई हे स्वतंत्र वर्ग आहेत, दोन्ही साधारण ४४ मीटरच्या नौकांचे, म्हणून सरमिसळ होते. जिजाबाई १९८४ ची, जपानी आराखड्याची. ताराबाई १९८७ ची. ताराबाईचं नाव १९९९ साली गाजलं. अलोंड्रा रेनबो हे जपानी मालकीचं जहाज चाच्यांनी पळवलं, रंग बदलला, नावही बदलून ‘मेगा रामा’ केलं. नोव्हेंबरमध्ये ताराबाईने त्याला अरबी समुद्रात गाठलं आणि पाठलाग केला. शेवटी नौदलाच्या प्रहारने त्याला थांबायला लावलं. खटला मुंबईत चालला.

माझे वडील ‘विक्रम’वर होते. त्यांच्यामागे एकच फोटो आहे. मी काय लिहून ठेवू?

फोटोच्या मागे, पेन्सिलने, दाब न देता: जहाजाचं पूर्ण नाव आणि आधी आयसीजीएस. अंगावरचा क्रमांक. सेवेत आल्याचं साल, म्हणजे १९८३, आणि बांधणीची गोदी, म्हणजे माझगाव डॉक. मग वडिलांचं पद आणि ते जहाजावर कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत होते. त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात बदलीच्या नोंदी असतात, तिथून ही सालं नक्की करता येतील.

‘विक्रम वर्ग’ एवढंच लिहून थांबू नका. ‘विक्रम वर्ग, १९८३ चा’ असं लिहा. फोटोत त्यांचे सोबती असतील तर त्यांना ओळखणारं कुणी हयात आहे तोवर नावं विचारून घ्या, डावीकडून उजवीकडे. आणि फोटोची मोबाइलवर प्रत काढताना पाठीमागची बाजूही टिपा.